लगाम आणि दाह

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह म्हणजे शरीराने जंतूंशी मांडलेली लढाई होय. मात्र या लढाईत स्वकीय पेशी मारल्या जाऊ नयेत म्हणून लगामही हवा. तो सापडायला बराच काळ लागला.

१९६९ मध्ये जपानमधील निशिझुका व साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या मादी उंदरांची थायमस ग्रंथी काढली. पुढे त्या उंदरांचे अंडाशय खराब झाले. त्याच सुमारास अमेरिकेत रिचर्ड गेर्शॉन यांनी काही टी-पेशी प्रतिकार दडपतात, असे मांडले. कल्पना गाजली, पण अशा पेशी वेगळ्या ओळखण्याची खात्रीची खूण मिळेना. ज्या 'आय-जे' जनुकावर भिस्त होती, ते १९८३ मध्ये अपेक्षित जागी आढळलेच नाही आणि बहुतेकांनी हा विषय सोडून दिला.

शिमोन साकागुची यांनी मात्र थायमसच्या प्रयोगाचा माग सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी दाखवले, की पृष्ठभागावर सीडी-२५ हे प्रथिन असणाऱ्या टी-पेशी वगळल्या तर उंदरांचे शरीर स्वतःवरच उलटते. त्या परत दिल्या तर ते टळते. २००१ मध्ये मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. या नियामक पेशी घडवणारे जनुक तेच, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण लगाम सदैव आवळलेला राहिला तर जंतूंशी लढणार कोण? २००३ मध्ये पसारे व मेडझिटॉव्ह यांना याचे उत्तर मिळाले. जंतूंची चाहूल लागताच डेंड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-६ हे दाहकारक प्रथिन सोडतात. त्याच्या प्रभावामुळे लढाऊ टी-पेशी नियामकांना जुमानत नाहीत. २००६ मध्ये विजय कुच्रू यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. नवख्या टी-पेशीला केवळ टीजीएफ-बीटा मिळाले तर ती नियामक होते. जोडीला इंटरल्यूकिन-६ असेल तर तीच दाह वाढवणारी टीएच-१७ पेशी बनते.

आमवातात इंटरल्यूकिन-६ ला अटकाव करणारे टोसिलिझुमॅब हे औषध सांध्यांचा दाह कमी करते. पण त्याबरोबर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. लगाम सैल होणे हा दोष नव्हे, वेळेवर पुन्हा न आवळला जाणे हा दोष. विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी: खूण चुकीची ठरली म्हणून वस्तूच नाही, असे ठरत नाही.