सुलतानाचं स्वप्न

मैत्रिणींनो, आज बोलूया रोकेया सखावत हुसेन यांच्याविषयी. १८८० साली बंगालमध्ये, रंगपूरजवळच्या पायराबंद गावात त्या जन्मल्या. घरात कडक पडदा, मुलींना शाळा नाही. थोरला भाऊ रात्री सगळे झोपले की मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवायचा.

१९०५ साली मद्रासच्या एका महिला मासिकात त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी गोष्ट छापून आली. नवरा दौऱ्यावर गेलेला, वेळ जाईना म्हणून लिहिली म्हणे! गोष्टीतल्या देशात पुरुष पडद्यात आणि बाया कारभार बघतात. त्यांनी ढगांतून पाणी ओढून घेतलंय. स्वयंपाक उन्हावर होतो, म्हणजे धूर नाही की सरपण नाही. शत्रू चालून आला तेव्हा साठवलेल्या उन्हाचा झोत सोडून त्याला पळवून लावलं. आपल्याकडे सूर्यचूल यायच्या कितीतरी आधीचं हे लिखाण.

नवरा वारल्यावर १९०९ मध्ये भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. १९११ पासून ती कलकत्त्यात भरू लागली. मुलींना आणायला गाडी केली, पण पडदा पाळायचा म्हणून ती इतकी बंदिस्त, की अंधारात मुलींना चक्कर यायची. मग बंद फळ्या काढून कापडी पडदे लावले. तर वाऱ्याने पडदा उडतो म्हणून धमकीची पत्रं आली! इकडे पोरी गुदमरल्या तेव्हा पत्र लिहायला मात्र कुणी बसलं नव्हतं.

९ डिसेंबर १९३२ ला रोकेया गेल्या. बांगलादेशात हा दिवस त्यांच्या नावाने पाळतात. कलकत्त्यातली शाळा अजून भरते.