टेक्मेसाने मूल का लपवले?

सोफोक्लीसच्या 'एजॅक्स' या नाटकाविषयी लिहिताना समीक्षक बहुधा नायकाच्या मानभंगापासून आरंभ करतात. आम्ही एका लहान मुलापासून करणार आहोत. त्याचे नाव युरिसाकेस. एजॅक्सचा हा मुलगा रंगमंचावर येतो, पण त्याच्या तोंडी नाटककाराने एकही वाक्य घातलेले नाही.

कथानक वाचकांना ठाऊक असेलच. अकिलीसच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे आपल्याला मिळावीत, ही एजॅक्सची रास्त अपेक्षा असते. सेनानायक ती ओडिसियसला देतात. सूड घेण्यासाठी एजॅक्स रात्री बाहेर पडतो. अथेना त्याच्या दृष्टीवर भ्रम पसरवते, आणि सेनानायक समजून तो लुटीत मिळालेली गुरेमेंढरे कापून काढतो. काही जनावरे तंबूत आणून, बांधून, आसुडाने फोडतो. भान येते तेव्हा भोवती रक्ताचा सडा असतो. पुढे तो आपल्या मुलाला भेटू इच्छितो. तेव्हा टेक्मेसा, म्हणजे युद्धात जिंकून आणलेली त्याची सहचरी, सांगते की भीतीपोटी आपण मुलाला दूर पाठवले होते. ते वाटेत आले असते तर जिवाला मुकले असते. या उत्तराने एजॅक्स चिडत नाही. तिच्या सावधपणाची तो प्रशंसा करतो.

हा प्रसंग वर्गात शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे तो पुढच्या आत्महत्येची पूर्वतयारी म्हणून शिकवला. एका वर्षी एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, ''त्या मुलाला कुणी काही सांगितलं का?'' तिचे वडील सैन्यातून निवृत्त होऊन घरी आले होते, एवढेच ती पुढे बोलली. आम्ही त्या दिवशी तिला काही थातूरमातूर उत्तर दिले. हा लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

युद्धाने झालेल्या मानसिक जखमेचा इतिहास बराचसा नामकरणाचा इतिहास आहे. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडीविषयी डा कोस्टा या वैद्याने 1871 साली लिहिले. त्याला ते 'चिडखोर हृदय' वाटले. 1915 साली चार्ल्स मायर्सने 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' ही संज्ञा छापून आणली. 1922 साली ब्रिटिश सरकारच्या चौकशी समितीने ती संज्ञाच टाकून द्यावी, असा निर्वाळा दिला. जणू शब्द गेला की दुखणेही जाईल! व्हिएतनामहून परतलेल्यांच्या आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या रेट्यानंतर 1980 साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात आघातोत्तर तणावाच्या विकाराला अधिकृत जागा मिळाली. या साऱ्या प्रवासात प्रश्न सैनिकाचा होता: तो खरा आजारी आहे की भित्रा, त्याला परत आघाडीवर पाठवता येईल की नाही, त्याला निवृत्तिवेतन द्यायचे की नाही. घरातल्या मुलाचे प्रकरण या कागदपत्रांत फार उशिरा उघडले. व्हिएतनामच्या एका माजी सैनिकाच्या मुलात बापाच्याच भीती आणि कल्पना उमटलेल्या दिसल्या, तेव्हा रोझेनहेक आणि नेथन यांनी 1985 साली त्याला 'दुय्यम आघात' म्हटले. मूल रणांगणावर गेले नव्हते, रणांगणच घरी आले होते.

साहित्याने मात्र या मुलाकडे थोडे आधी पाहिले. टेड ह्यूजचे वडील गॅलिपोलीहून जिवंत परतलेल्या मोजक्यांपैकी. 1967 च्या 'वोड्वो' या संग्रहातील 'आउट' ही कविता अशा घरात वाढलेल्या मुलाची आहे. पण आम्हांला अधिक बोलके वाटते ते डोरिस लेसिंगचे उदाहरण. तिच्या वडिलांचा, आल्फ्रेड टेलर यांचा, एक पाय पहिल्या महायुद्धात गेला. ज्या रुग्णालयात ते होते तिथल्या परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले, आणि 1919 साली इराणमध्ये डोरिस जन्मली. पुढे दक्षिण ऱ्होडेशियातील शेतावर वडील युद्धाविषयी बोलत राहिले, अखंड बोलत राहिले. म्हणजे इथे मौनाचा प्रश्न नव्हता. खंदकांतला चिखल आणि मेलेले सोबती त्या मुलीच्या बाल्यात रोज ओतले जात होते. 2008 साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तिने 'आल्फ्रेड अँड एमिली' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पूर्वार्धात तिने असे जग रचले की ज्यात ते युद्ध झालेच नाही आणि तिच्या आईवडिलांनी एकमेकांशी लग्नही केले नाही. बापाला त्याचा पाय आणि त्याची शेती परत देण्यासाठी लेकीने स्वतःचा जन्म खोडून टाकला! कुणी याला कल्पनाविलास म्हणेल. आम्हांला ते सत्तर-ऐंशी वर्षे वाहिलेले ओझे वाटते.

तेव्हा 'मुलांशी बोला' हा आजचा सरसकट उपदेश पुरेसा नाही. काय बोलावे, किती बोलावे आणि त्याआधी काय करावे, हे प्रश्न उरतातच.

एजॅक्सचा समज असा की मुलाला काही कळत नाही, आणि हे न कळणे हेच त्याचे सुख. टेक्मेसाचा मुलगा फारच लहान आहे, म्हणून हे तिथे खपून जाते. एरवी लहान मुलाला बापाच्या रागाचे कारण माहीत नसते, पण राग पुरता कळतो. आणि कारण कुणी दिले नाही की ते स्वतः कारण तयार करते. त्या वयात जगाचा मध्य आपणच असतो, त्यामुळे ते कारण बहुधा 'मी' हेच असते. माझ्या हातून पेला पडला, म्हणून बाबा रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालत होते.

यात घरातली प्रेमळ माणसेही नकळत भर घालतात. ''बाबांना राग येईल असं वागू नकोस'' हे वाक्य मराठी घरात किती सहज उच्चारले जाते! सांगणाऱ्या आईचा हेतू मुलाला जपण्याचाच असतो. पण त्या वाक्याने रागाची किल्ली मुलाच्या हाती दिली जाते: राग आला तर तू चुकलास, नाही आला तर तू शहाणा. आठ वर्षांच्या पोराला पहारेकरी नेमण्यासारखेच हे. त्यात आपल्याकडे 'मिलिटरी खाक्या' हा शब्द आहे, आणि तो कौतुकाचा आहे. ज्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडले गेले आहे, तिथल्यासारख्या फौजी परंपरेच्या मुलखात तो अभिमानाने वापरावा यात गैर नाही. पण शिस्त आणि दुखणे या दोहोंना एकच शब्द पुरवला की दुखण्याला नाव उरत नाही. दिवाळीत लवंगी फटाक्याच्या माळेने ज्याचे अंग ताठ होते आणि त्यानंतर तासभर जो घरातल्या प्रत्येकावर खेकसतो, त्याला कडक शिस्तीचा म्हणणे ही त्याचीही उपेक्षाच आहे.

जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनामचे माजी सैनिक आणि होमर शेजारीशेजारी ठेवून 1994 साली 'अकिलीस इन व्हिएतनाम' लिहिले. त्याचे म्हणणे असे की, सैनिकाला मोडणारी गोष्ट केवळ भय नव्हे. वरिष्ठांनी न्याय्य ते पायदळी तुडवले, हा घाव त्याहून खोल जातो. एजॅक्सला हे नेमके लागू पडते. त्याच्या क्रोधाचे मूळ रास्त आहे. क्रोध पडला मात्र मेंढरांवर. आमच्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर इथे सापडते, असे आम्हांला वाटते. मुलाला विकाराचे लांबलचक नाव नको, कापलेल्या माणसांच्या हकिकती तर नकोतच. त्याला एवढे कळले तरी पुष्कळ: बाबांचा राग तिथला आहे, पडतो इथे. तो तुझ्यामुळे आला नाही आणि तुझ्या शहाणपणाने जाणारही नाही. त्यावर उपाय करणे हे मोठ्यांचे काम आहे.

पेशन्स मेसन या लेखिकेचे पती व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर वैमानिक होते. तिने मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेचे शीर्षकच 'बाबा असे का आहेत?' अशा अर्थाचे आहे. मुलाच्या मनात असलेला प्रश्न मोठ्यांनी आधी मोठ्याने उच्चारावा, हे त्या शीर्षकातले शहाणपण.

आणि तरीही इथे एक धोका आहे. 'बाबा आजारी आहेत' हे स्पष्टीकरण हळूहळू 'म्हणून तू सोस' या आज्ञेत बदलते. आजारपण रागाचे कारण असू शकते. हात उगारण्याचा परवाना नव्हे. टेक्मेसाने क्रम अचूक ओळखला होता. तिचे एजॅक्सवर प्रेम आहे, त्याच्या यातना तिच्याइतक्या कुणालाच दिसत नाहीत, आणि तरी तिने पहिल्यांदा मूल दूर नेले. राग चढला की शेजारच्या कोणत्या घरी जायचे, कुणाला हाक मारायची, हे मुलाला शांत वेळी सांगून ठेवणे म्हणजे बापाशी द्रोह नव्हे. भानावर आलेला बापही ते मान्य करतो, हे सोफोक्लीसने दाखवले आहे.

सोफोक्लीस स्वतः इ. स. पूर्व 441 च्या सुमारास अथेन्सचा निवडलेला सेनापती होता. त्याचे प्रेक्षक लढून आलेले नागरिक होते. 2008 साली ब्रायन डोरीस याने हेच नाटक सान दिएगोत अमेरिकेच्या मरीन सैनिकांपुढे वाचायला घेतले, आणि पुढे असे प्रयोग अनेक लष्करी तळांवर झाले. श्रोत्यांत सैनिकांबरोबर त्यांच्या पत्नीही असत. टेक्मेसाचे बोलणे त्यांना नवे नसावे.

असो. उत्तरार्धाकडे आम्ही इतकी वर्षे नीट पाहिले नव्हते. एजॅक्स मेला आहे. छावणीत एकटे राहिलेले मूल शत्रू पळवतील, या धास्तीने त्याचा काका ट्यूसर त्याला आणवतो आणि प्रेताजवळ बसवतो. मोठी माणसे दफनावरून भांडत राहतात. शेवटी परवानगी मिळते, तेव्हा ट्यूसर त्या मुलाला म्हणतो की तुझ्या अंगात असेल तेवढ्या बळाने बापाला प्रेमाने हात लाव आणि माझ्याबरोबर उचल. काका एका बाजूने वजन घेतो. मूल हात लावते.