जाळरेषा : आग विझवण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास आणि पैनगंगेकाठचे गायरान

१/
हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. नदीपलीकडे जुना वऱ्हाड, अलीकडे मराठवाडा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, मराठवाडा निजामाकडेच राहिला आणि पैनगंगा दोन राजवटींमधली सीमा झाली. वणव्याला मात्र सीमा कळत नाही. दोन्ही काठांवरचे गवत फाल्गुनात सारखेच वाळते आणि ठिणगी पडली की सारखेच पेटते. या पेटणाऱ्या रानाचे काय करायचे, हे कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले आणि त्यासाठी पैसा कशावर खर्च केला, याचा हा धागा.

२/
आरंभ सागवानापासून होतो. रेल्वेचे स्लीपर, जहाजे आणि लष्करी बांधकामे यांसाठी इंग्रज सरकारला लाकडाची निकड होती. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिच ब्रँडिस पहिले वनमहानिरीक्षक झाले. ज्या युरोपीय वनशास्त्रात या खात्याचे अधिकारी घडले, त्यात आगीला स्थान नव्हते. आग म्हणजे नासधूस आणि आग लावणारा म्हणजे अडाणी किंवा गुन्हेगार, अशी सरळ मांडणी होती.

३/
पण उन्हाळ्यात पेटणारे मध्य भारतातील रान वाचवता येते का, याचीच अनेक अधिकाऱ्यांना शंका होती. १८६० च्या दशकात पिअर्सन या लष्करी अधिकाऱ्याने मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात तो प्रयोग करून दाखवला. हे जंगल आज सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याची पद्धत साधी होती : जंगलाभोवती पट्टा साफ करायचा, त्यातील गवत उन्हाळ्याआधीच जाळून टाकायचे आणि राखणदार नेमायचे. हीच जाळरेषा. वणवा रोखण्याचे भारतीय वनखात्याचे पहिले यशस्वी साधन म्हणजे हेतुपुरस्सर लावलेली आगच होती.

४/
बोरीचे यश पाहून ही पद्धत देशभर पसरली आणि कायदाही कडक होत गेला. १८६५ चा पहिला वन कायदा, १८७८ चा दुसरा आणि आजही लागू असलेला १९२७ चा भारतीय वन अधिनियम. त्यातील कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. कलम ७९ नुसार वनात हक्क किंवा सवलत असलेल्या माणसाने वणवा विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. निजामाच्या मुलखात फसली १३५५ चा हैदराबाद वन कायदा होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच वनखात्याखाली आले.

५/
गावाच्या लेखी मात्र आग ही एकच गोष्ट नव्हती. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपांना आग द्यायची. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत जोमाने येते, ही समजूत सह्याद्रीत आजही आहे. कोकणात राबाची भाजावळ होती : भाताच्या रोपवाटिकेच्या जागी शेण, पाला, गवत आणि टहाळ पसरून ते पावसाआधी जाळायचे. प्रत्येक आगीचा महिना, जागा आणि हेतू निराळा. कायद्याने या साऱ्यांना एकाच नावाखाली बसवले.

६/
या संघर्षाचा जुना मराठी दाखला राबाचाच आहे. वनखात्याने झाडांचे टहाळ तोडण्यावर बंधने आणली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. पुढे कृषी रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. उष्णतेने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होते. शेतकरी जाळतो त्यामागे कारण असू शकते आणि ते प्रयोगाने तपासता येते, ही जाणीव खेड्यातील आगीच्या बाबतीत सरकारी कागदांत उमटू लागली होती.

७/
त्याच दशकात वनखात्याच्या आतूनही आवाज उठला. १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात स्लेड या अधिकाऱ्याचा लेख प्रसिद्ध झाला. ब्रह्मदेशात वणव्यापासून अति संरक्षण होत आहे, असा त्याचा मुद्दा होता. ज्या सागवानासाठी आग बंद केली, त्याच सागवानाची नवी रोपे संरक्षित जंगलात उगवेनाशी झाली होती. खात्याच्या श्रद्धेलाच हे आव्हान होते. वाद अनेक वर्षे चालला आणि अखेरीस ब्रह्मदेशातील दमट सागवनांतून संपूर्ण अग्निबंदी मागे घ्यावी लागली.

८/
असे का झाले? सागाचे बी कठीण कवचाचे असते आणि रोपाला भरपूर ऊन लागते. दमट जंगलात आग थांबली की बांबू आणि झुडपे दाटतात आणि रोप सावलीत गुदमरते. साग मात्र आगीला सरावलेला असतो : वरचा कोंब जळाला तरी जमिनीतील मूळ जिवंत राहते आणि पुन्हा फुटवा देते. कोरड्या रानाचा न्याय वेगळा. तिथे ऐन उन्हाळ्यातील वणवा इतका तापतो की रोपेच काय, मोठी झाडेही भाजून निघतात. एका जंगलाचे औषध दुसऱ्यासाठी विष ठरू शकते.

९/
या अनुभवातून आगाऊ जाळणीची कल्पना पुढे आली. हिवाळ्याच्या अखेरीस, गवतात थोडा ओलावा असताना लावलेली आग मंद असते, ठिगळाठिगळांनी जळते आणि रात्रीच्या दवात विझते. एप्रिल-मेमध्ये तीच ठिणगी वणवा होते. म्हणजे प्रश्न आग हवी की नको एवढाच नव्हता. कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी आणि कोणत्या रानात, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर हुकुमाने मिळत नाही. त्याला वर्षानुवर्षांची निरीक्षणे लागतात.

१०/
ते उत्तर शोधण्याऐवजी केवळ बंदी लादली की आगीचे राजकारण होते. १९२१ मध्ये कुमाऊँमध्ये ते घडले. वननियमांनी आणि बेगारीने त्रासलेल्या गावकऱ्यांनी सरकारी चीडवने पेटवली. जळाली ती मुख्यतः सरकारला राळ आणि लाकूड देणारी जंगले. गावाला चारा आणि सरपण देणारी रुंदपर्णी वने बव्हंशी वाचली. सरकारला कुमाऊँ वन तक्रार समिती नेमावी लागली. ज्यांना वनखाते आगीच्या बाबतीत अडाणी समजत होते, त्यांना काय जाळायचे आणि काय नाही हे नेमके ठाऊक होते.

११/
अमेरिकाही याच वाटेने गेली. १९१० च्या वणव्यांत सुमारे ३० लाख एकर रान जळाले आणि तेथील वनसेवेने आगीविरुद्ध युद्धच पुकारले. दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे, हे धोरण १९३५ मध्ये ठरले. दशकानुदशके आग विझवल्याने वाळका पाला आणि झुडपे साचत गेली आणि पुढचे वणवे अधिक भयंकर झाले. १९५८ मध्ये फ्लोरिडात टॉल टिंबर्स ही संस्था केवळ आगीच्या अभ्यासासाठी उभी राहिली. १९७० च्या दशकात सकाळी दहाचे धोरण सोडून द्यावे लागले.

१२/
आता पुन्हा मराठवाड्याकडे. इथला प्रश्न घनदाट जंगलाचा कमी आणि गवताळ माळरानाचा अधिक आहे. दबडघाव आणि शंकरनारायण यांचा ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात द्वीपकल्पातील गवताळ प्रदेशाचा एक मोठा प्रकार ठरवला आहे. पवना आणि मारवेल ही त्यातील प्रमुख गवते. मात्र माळरान म्हणजे चराईने आणि आगीने खालावलेले जंगल, हीच त्या काळची धारणा होती. सरकारी नोंदींत तर अशा जमिनींना पडीक हाच शब्द मिळाला.

१३/
ही धारणा आता डळमळीत झाली आहे. जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की आशियातील जंगल म्हणून गणलेला बराच भूभाग प्रत्यक्षात सवाना आहे : विरळ झाडे, खाली सलग गवत. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य आणि लोकगीते चाळली. त्यांत आलेली झाडेझुडपे बहुतांशी काटेरी, उघड्या माळावरची निघाली. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही या मुलखात गवताळ माळ होते. ते सारे जंगल तोडून झालेले नाहीत.

१४/
म्हणून सेनगावचे गायरान उद्याच पेटवावे काय? मुळीच नाही. इतिहासाचा धडा नेमका उलट आहे. पावसाचे प्रमाण जास्त तिथे सवाना टिकवण्यात आगीचा वाटा मोठा असतो. कोरड्या माळावर पाऊस आणि चराई अधिक निर्णायक ठरतात. बहुवर्षायू गवताचे डोळे जमिनीलगत असतात, त्यामुळे एखादी आग ते सोसते आणि साचलेला वाळका थर गेल्याने नवे कोंब उजेडात येतात. पण दरवर्षी जाळले आणि लगेच जनावरे सोडली, तर मारवेलसारखी कसदार गवते जातात, कुसळी माजते आणि उघडी माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

१५/
जाणकार आगीचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. बिळिगिरी रंगन डोंगरातील सोलिगा आदिवासी पूर्वी हिवाळ्याच्या अखेरीस पालापाचोळ्याची मंद आग लावत. वनखात्याने ती बंद केली. पुढे घाणेरीने जंगल व्यापले, आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढले. आपली आग थांबल्याने हे झाले, असे सोलिगा सांगत आले आणि संशोधकांनी ते म्हणणे गांभीर्याने तपासायला घेतले. आता घाणेरीच्या दाट जाळ्यांमुळे पूर्वीची मंद आगही सहज लावता येत नाही; लागली तर ती भडकते. हरवलेली आग परत आणणे हे लावण्याइतके सोपे नसते.

१६/
आणि जाणकार नकाराचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने विचारपूर्वक तेंदूपत्ता तोडणे थांबवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आग लावली जाते. उत्पन्नाचे एक साधन सोडून गावाने रान राखले. सोलिगांना आग हवी आहे, पाचगावला नको आहे. दोन्ही निर्णय आपल्या रानाकडे पाहून घेतलेले आहेत, म्हणून दोन्ही आदरास पात्र आहेत.

१७/
आता पैशाचा प्रश्न. केंद्र सरकारची वनवणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना २०१७ पासून चालू आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची वाटणी ६० : ४०. जाळरेषा, अग्निरक्षक, साधनसामग्री यांवर हा पैसा जातो. नियंत्रित जाळणीलाही त्यात जागा आहे, पण वणवा रोखण्याचे साधन म्हणून. माळ किंवा जंगल पूर्वपदावर आणण्यासाठी आग कितपत उपयोगी, हा तिचा विषय नाही. शिवाय वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून असतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला, ऐन हंगामात संपते. जाळरेषेचा पैसा डिसेंबरात हाती हवा. मार्चमध्ये आला तर गवत आधीच पेटलेले असते.

१८/
दुसरी वाट ऑस्ट्रेलियाने दाखवली. पश्चिम अर्नहेम लँडमध्ये २००६ पासून मूलनिवासी रखवालदार कोरड्या ऋतूच्या आरंभीच ठिगळाठिगळांनी आग लावतात. क्षेत्र सुमारे २८ हजार चौरस किलोमीटर. त्यामुळे नंतरचे प्रचंड वणवे कमी होतात आणि वातावरणात जाणारे वायूही घटतात. डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाने त्याबदल्यात वर्षाला सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर १७ वर्षे देण्याचे मान्य केले. शास्त्रज्ञांनी मोजमाप केले, मूलनिवासींनी ज्ञान आणि श्रम दिले. पैसा एका हंगामापुरता नव्हता, म्हणून मोजमापही टिकले.

१९/
सेनगाव परिसरात असे काम उभे करायला अफाट रक्कम लागणार नाही. ग्रामसभेच्या संमतीने गायरानाचे काही तुकडे आखायचे : एक जानेवारीत जाळायचा, एक तीन वर्षांतून एकदा, एक कधीच नाही, प्रत्येकाच्या अर्ध्या भागात चराई, अर्ध्यात बंदी. भोवती जाळरेषा, राखणीला गावचीच माणसे. ज्यांची जनावरे त्या काळात बाहेर राहतील, त्यांच्या चाऱ्याची भरपाई आधी ठरवायची, कारण प्रयोग फसला तर नुकसान त्यांचेच होणार. मग दर पावसाळ्यानंतर मारवेल किती, कुसळी किती, माती किती वाहिली, हे मोजत राहायचे. निदान दहा वर्षे.

२०/
पिअर्सनने बोरीत जाळरेषा आखली, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. तेवढ्या काळात आग पकडणारा कायदा झाला आणि २००४ पासून तर उपग्रहही ती टिपून वर्दी देतो. पण पैनगंगेकाठच्या गवताला कोणती आग मानवते आणि कोणती नाही, हे दीर्घ मोजणीशिवाय सांगता येणार नाही. तोवर दर उन्हाळ्यात वनरक्षक झोडपा घेऊन वणव्यामागे धावेल, कुणीतरी पुढच्या वर्षीच्या चाऱ्याच्या आशेने काडी ओढेल आणि दोघांपैकी बरोबर कोण, हे त्या माळावर कोणालाच सिद्ध करता येणार नाही.