सह्याद्रीचं बी

उन्हाळी भात फुलोऱ्यात आलं की सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघं भाऊ समोरासमोरच्या बांधांवर उभे राहायचो. मध्ये नायलॉनची लांब दोरी. ती लोंब्यांच्या उंचीवर ताणायची आणि एका चालीनं नराच्या ओळींवरून ओढत न्यायची. ओळी हलल्या की उन्हात फिकट पिवळा धुरळा उडताना दिसे. तो शेजारच्या मादी ओळींवर बसला तर बी, नाही बसला तर पळिंज, म्हणजे पोकळ दाणा. भाताचा पराग काही मिनिटंच जिवंत राहतो, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा दोरी, पुन्हा चाल. बारा वाजेपर्यंत चार-पाच फेऱ्या, असे आठ-दहा दिवस. मी तेव्हा खालापूर तालुक्यात कृषी सहायक होतो आणि या दिवसांसाठी वर्षभर रजा राखून ठेवायचो. शेत मात्र कर्जत तालुक्यातलं, राजनाला कालव्याच्या पाण्यावरचं, भावाच्या नावाचं. त्या एक एकरात आम्ही सह्याद्री संकरित भाताचं बी धरत होतो.

दोरी ओढायला येणाऱ्या बायांना हे खूळ वाटे. भाताला कोणी वारा घालतं का, असं त्या विचारायच्या. प्रश्न बरोबरच होता. भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. फूल उघडायच्या सुमारासच परागसिंचन होऊन जातं, बाहेरच्या परागाला फारसा वाव राहत नाही. म्हणूनच आमच्या आज्या-पणज्यांनी एकच वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखला. दोन वाणांचा संकर शेतभर करायचा तर जिचा पराग मेलेला आहे अशी मादी लागते.

तशी मादी १९७० साली चीनच्या हैनान बेटावर सापडली. युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना तिथं रानटी भाताचं एक रोप मिळालं, त्याचे पराग वांझ होते. त्या एका रोपावरून चिनी शास्त्रज्ञांनी वांझ मादी वाणांची वंशावळ उभी केली आणि १९७६ पासून संकरित भात तिथल्या शेतकऱ्यांच्या शेतात गेला. १९८० साली चीननं हे तंत्र रिंग अराउंड प्रॉडक्ट्स या अमेरिकी बियाणे कंपनीला परवान्यावर दिलं. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला घेता येईल आणि विद्यापीठ तो कंपन्यांना परवान्यानं वापरू देईल. रानातलं एक रोप आणि कराराचा कागद यांची गाठ पडली ती तेव्हा. कर्जतच्या भाताच्या गोष्टीत या दोन्ही गोष्टी पुढं येतात.

कर्जतचं भात संशोधन केंद्र शंभर वर्षांहून जुनं आहे. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि केंद्र त्याच्याकडे आलं. पुढं २००१ साली विद्यापीठाला बाळासाहेब सावंतांचं नाव मिळालं. जागा भातासाठी नेमकी होती. पावसाळ्यात घाटाखालचा धो-धो पाऊस, आणि उन्हाळ्यात पेज नदीचं पाणी. हे पाणी मुळात घाटावरचं. टाटांचं भिवपुरीचं वीजघर १९२२ साली सुरू झालं. आंध्र धरणाचं पाणी तिथं डोंगरावरून खाली पडून वीज करतं आणि पेजेला मिळतं. त्यावरच राजनाला चालतो. आमच्याकडे पूर्वी विजेचा दिवा नव्हता, पण विजेचं पाणी शेतात होतं. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात कर्जतची शिवारं हिरवी दिसतात ती त्यामुळं. संकरित बी धरायला हाच हंगाम लागतो, कारण पावसाळ्यात सरीबरोबर पराग धुऊन जातो.

पण संकरित भात ही फार अलीकडची गोष्ट. त्याआधी केंद्रांवरचं काम होतं निवडीचं. शेतकऱ्यांच्या खाचरांतले कोलंबा, झिनिया असे वाण घ्यायचे, त्यातल्या एकेका चांगल्या लोंबीचं बी वेगळं पेरायचं, वर्षानुवर्षं पाहायचं आणि सरस निघालेल्या ओळीला क्रमांक द्यायचा. कोलंबा ५४०, झिनिया ६३ ही नावं अशी पडली. आकडा सरकारी, बी शेतकऱ्याचं. मला हे आवर्जून सांगायचं आहे, कारण पुढच्या सगळ्या वाणांच्या मुळाशी तेच बी आहे.

साठच्या दशकात तैवानची बुटकी तायचुंग नेटिव्ह-१ भारतात आली. खत पचवायची, लोळायची नाही, पण दाणा जाड. कर्जतला तिचा कोलंबा ५४० शी संकर झाला आणि कर्जत-१८४ निघाला. बुटकेपणा तैवानचा, दाण्याचा बारीकपणा कुलाब्याचा. (रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, आमची आई शेवटपर्यंत कुलाबाच म्हणायची.) कर्जत-४ मध्ये फिलिपिन्सचा आयआर-२२ आणि आपला झिनिया ६३ आहे. आणि कर्जत-३, आखूड जाड दाण्याचा हळवा, म्हणजे लवकर येणारा वाण, जो आमच्या तालुक्यातल्या वरच्या खाचरांत अजून दिसतो.

हे वाण पसरले कसे? कोणत्याही कराराशिवाय. केंद्राच्या शिवारफेरीला गेलेला माणूस मूठभर लोंब्या धोतराच्या सोग्यात बांधून आणी आणि चार वर्षांत त्याच्या भावकीत तो वाण झालेला असे. आईचा नियम होता, बी विकत नाय घ्यायचं, बदलून घ्यायचं. कोणी बी मागितलं तर ती पायली भरून देई आणि सुगीला सवा पायली परत घेई. तो सवाईचा व्यवहार हाच आमच्याकडचा परवाना. त्याला कागद नव्हता, पण घेतलं की परत करायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हळव्याचं बी वेगळ्या कणगीत, निमगरव्याचं वेगळ्या, गरव्याचं वेगळ्या. भेसळ केली तर ती लहान पोरालाही बोल लावी.

सह्याद्री मात्र आईच्या कणगीत राहणारा नव्हता. डिसेंबर १९८९ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं संकरित भाताचं देशव्यापी काम सुरू केलं, त्याच्या केंद्रांत कर्जत होतं. १९९४ पासून आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकात पहिले संकर बाहेर पडले. कर्जतनं मादी घेतली आयआर ५८०२५ ए. ही फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेची, आणि हैनानच्या त्या रानटी रोपाच्या पोटातली. नर घेतला बीआर ८२७-३५. १९९८ साली त्यांचा संकर सह्याद्री या नावानं महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. १२५ ते १३० दिवसांचा, म्हणजे आमच्या भाषेत निमगरवा. त्याच वर्षी जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यांचा खासगी उद्योग महाराष्ट्रात उभा करणारा माणूस आणि सरकारी केंद्रातून निघालेला संकरित भात, दोघांचं वर्ष एकच.

या संकराला तीन वाण सांभाळावे लागतात. वांझ मादी ए. तिची जुळी बहीण बी, जिचा पराग जिवंत असतो आणि जिच्यामुळं ए चं बी पुढच्या वर्षी पुन्हा मिळतं. आणि आर, जो ए वर पडला की होणाऱ्या पिकाची जननशक्ती परत येते. ए आणि आर यांच्या संकराचं बी शेतकऱ्याला मिळतं. ते पेरून आलेलं भात खाण्यासाठी उत्तम, पण त्यातलंच बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर एक रोप उंच, एक ठेंगणं, एक लवकर, एक उशिरा. जोम उतरतो. म्हणजे शेतकऱ्याला दर वर्षी नवं बी आणावं लागतं, आणि ते कोणाला तरी दर वर्षी करावं लागतं.

परवान्याचा प्रश्न इथंच सुरू होतो. कर्जत-३ वाटायला विद्यापीठाला कोणाची गरज नव्हती, शेतकरीच वाटत होते. सह्याद्रीचं बी कोकणभर पुरवायचं तर विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर ते मावत नाही. म्हणून सरकारी संस्था अशा संकरांसाठी करार करतात. विद्यापीठ पालक वाणांचं पैदासकार बियाणं देतं. बियाणं महामंडळ किंवा खासगी उत्पादक त्यावर बी धरतो आणि बदल्यात शुल्क, कधी विक्रीवर स्वामित्वधन देतो. दिल्लीच्या पुसा संस्थेनं २००१ च्या पुसा आरएच-१० या सुवासिक संकराचे परवाने असेच कंपन्यांना दिले. आपल्याकडे वनस्पतींना पेटंट मिळत नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं वाणाची नोंदणी करता येते, भातासाठी ते संरक्षण १५ वर्षांचं. त्याच कायद्याचं ३९ वं कलम शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, बदलायचा, विकायचाही हक्क देतं, फक्त नोंदणीकृत वाणाचं बी नाममुद्रा लावून विकता येत नाही. आईची सवाई कायद्यात बसते. हे कलम ज्यांनी घालून घेतलं त्यांचं ऋण मला मोठं वाटतं.

आता आमचा अनुभव. पहिली दोन वर्षं चांगली गेली. नराच्या दोन ओळी, मादीच्या आठ. नराची पेरणी दोन-तीन टप्प्यांत, म्हणजे पराग जास्त दिवस मिळतो. मादीची लोंबी पोटरीतून पुरती बाहेर येत नाही, म्हणून जिबरेलिक आम्लाची फवारणी. भेसळ रोपं उपटायला आई स्वतः उतरायची. सत्तरीतली बाई, पण वेगळं रोप ती लांबून ओळखायची, पदवीधर मला जवळ जाऊन पाहावं लागे. आजूबाजूला शंभर मीटरपर्यंत दुसरं भात फुलात नको, ही सगळ्यात कठीण अट. राजनाल्यावर शेतं गुंठ्यांची, बांधाला बांध लागलेला. चौदा शेजाऱ्यांच्या घरी जाऊन, कोणाला पेरणी पुढं ढकलायला, कोणाला वाल घ्यायला पटवलं.

तिसऱ्या वर्षी थंडी लांबली. नर आठ दिवस आधी फुलला. आम्ही दोरी ओढली, पण मादी अजून पोटरीत होती. ज्या कंपनीसाठी बी धरलं होतं तिच्या माणसानं येऊन पाहिलं, उगवण आणि शुद्धतेचे आकडे सांगितले आणि निघून गेला. करार होता, पण त्यात जोखीम सगळी आमच्या बाजूला लिहिलेली होती आणि सह्या करताना आम्ही ते वाचलं नव्हतं. त्या वर्षी बी न झालेलं भात आम्ही गिरणीत घातलं. पुढच्या वर्षी चौदा शेजाऱ्यांपैकी कोणीच ऐकलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्या नुकसानीनंतरही माझं मत परवान्याच्या विरोधात गेलेलं नाही. सरकारी केंद्राचा शोध कपाटात पडून राहण्यापेक्षा करारानं शेतात गेलेला बरा. पण करार दोन पक्षांत होतो आणि तिसरा पक्ष, बी धरणारा शेतकरी, त्यात मजूर म्हणून येतो. विद्यापीठानं परवाना देताना एक अट घालावी: पाणी आणि हंगाम जुळतो तिथं बी कर्जत-खालापूरच्या शेतकरी गटांकडून धरून घ्यावं आणि फुलोरा चुकला तर नुकसानीचा वाटा परवानाधारकानं उचलावा. वाणाचं नाव सह्याद्री आणि बी मात्र दुसऱ्या राज्यात धरलेलं, असं होऊ नये.

आणि एक हिशेब अजून बाकी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी १९८३ पासून आपल्या दीड एकरात एका वेगळ्या लोंबीतून एचएमटी भात घडवला. नाव घड्याळावरून. त्यांच्याकडून बी नेऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं १९९८ साली पीकेव्ही एचएमटी प्रसारित केला. दादाजींच्या नावावर वाणाची नोंदणी व्हायला २०१२ उजाडलं. २०१८ साली ते गेले, तेव्हा एचएमटी तांदूळ पाच-सहा राज्यांच्या ताटात होता. कोलंबा आणि झिनिया ज्यांच्या खाचरांतून उचलले त्या कुलाब्याच्या शेतकऱ्यांची तर नावंही कोणत्या वहीत नाहीत. २००१ च्या कायद्यात लाभात वाटा मागायची आणि गावाच्या वतीनं दावा करायची तरतूद आहे. आमच्या तालुक्यात कोणी ती वापरल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

माझी विनंती कर्जत आणि खालापूरच्या शेतकऱ्यांना आहे, विशेषतः ज्यांच्या जमिनीचा व्यवहार ठरत आला आहे त्यांना. जमिनीबरोबर जुनं बीही जाऊ नये म्हणून इसार घेण्याआधी घरात पाहा. माळ्यावरच्या कणगीत, मडक्यात, एखाद्या म्हाताऱ्या आत्येच्या घरी जुन्या भाताचं बी असेल. नाव माहीत नसलं तरी चालेल. बी जिवंत असेल तर एका वाफ्यात पेरून वाढवा, त्यातलं थोडं कर्जतच्या केंद्रात द्या आणि देताना तुमचं, गावाचं नाव लिहून पोच घ्या. मग गावाच्या नावानं नोंदणीचा अर्ज भरा. शेतकऱ्यांच्या वाणाच्या नोंदणीला शुल्क लागत नाही.