आठ हजारांतला एक

अणूच्या रचनेची गोष्ट शाळेत तीन नावांत संपते : थॉमसन, रुदरफोर्ड, बोर. परीक्षेला तेवढे पुरते. मी कला शाखेचा माणूस. पुढे आवडीने वाचू लागलो, तेव्हा या नावांच्या मधल्या जागेत दोन मोजणारी माणसे भेटली आणि तीच जास्त जवळची वाटली.

जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधला. त्यावर ऋणभार, पण अणू तर उदासीन. मग धनभार कुठे? १९०४ साली त्यांनी मांडले की धनभार गोळाभर पसरलेला असावा आणि लाडवात बेदाणे असतात तसे त्यात इलेक्ट्रॉन असावेत. तोवरच्या माहितीशी हे जुळत होते.

१९०९ साली मँचेस्टरला रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन हा वीस वर्षांचा विद्यार्थी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडत होते. कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी ठिणगी चमके. ती काळोखात बसून, सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजायची. खुद्द रुदरफोर्ड यांनी एका पत्रात लिहिले होते की गायगर रात्रभर मोजू शकतो, आपण मात्र दोन मिनिटांत वैतागून उठलो. नोंदवह्या भरणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला यातले मर्म लगेच कळते.

अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड. थॉमसन यांच्या अणूतून तो किंचित ढळून पार जायला हवा. पण प्लॅटिनमवरून सुमारे ८००० कणांतला एक चक्क मागे फिरला! हिशेबात इतकीच तफावत आली तर किरकोळ म्हणून सोडून द्यायचा मोह कुणालाही होईल. या दोघांनी ती नोंदवली.

त्या आकड्यावर विचार करून १९११ साली रुदरफोर्ड यांनी सांगितले की अणूच्या मधोमध अगदी सूक्ष्म जागेत मोठा विद्युतभार एकवटलेला आहे आणि जवळजवळ सगळे वस्तुमानही तिथेच आहे. हे पडताळायला गायगर व मार्सडेन पुन्हा काळोखात बसले. १९१३ साली निष्कर्ष छापले, तोवर लाखाहून अधिक ठिणग्या मोजून झाल्या होत्या. त्याच वर्षी बोर यांनी इलेक्ट्रॉनना ठरावीक कक्षा नेमून दिल्या.

गायगर यांचे नाव १९२८ साली म्यूलर यांच्यासह घडवलेल्या किरणोत्सारमापकामुळे तरी लोकांच्या ओठांवर राहिले. मार्सडेन यांचे तेवढेही नाही. पण थॉमसन यांचा लाडू फुटला तो या दोघांनी प्रामाणिकपणे वहीत उतरवलेल्या एका न जुळणाऱ्या आकड्याने. मुलांना अणू शिकवताना त्यांचीही नावे सांगावीत, असे मला वाटते.