तळटीप १४ : ‘संवर्धित वास्तव’

१४. समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने तयार केलेली चित्रे वा मजकूर जागच्या जागी दाखवण्याचे तंत्र. प्रचारात ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’. आभासी वास्तवात भोवताल पूर्ण झाकला जातो, इथे तो दिसत राहतो. खरे जग आणि पूर्ण आभास या टोकांमधल्या सगळ्या पट्ट्याला पॉल मिल्ग्राम व फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये ‘मिश्र वास्तव’ म्हटले. सर्वसामान्यांना संवर्धित वास्तव २०१६ च्या ‘पोकेमॉन गो’ या मोबाइल खेळामुळे माहीत झाले.

लोणारच्या (जि. बुलढाणा) उल्काविवराच्या काठावर मोबाइल धरून उल्कापात पाहणे ही लेखकाची कल्पना आहे. जागा मात्र तिला फार शोभणारी. बेसाल्ट खडकातल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, कडा अजून ठळक असल्याने रचलेले चित्र खऱ्या भूमीवर नेमके बसवायला तिची रेषा आधार देते. अडचण काळाची आहे. विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन कालमापनात ते सुमारे ५.७ लाख वर्षे निघाले. पडद्यावर एकच आकडा झळकवणे वाचकावर अन्याय ठरेल, असे संपादकाला वाटते. उताऱ्यातला ‘लवणासुर’ स्थानिक आख्यायिकेतला आहे. विष्णूने त्याचा वध केला, अशी ती कथा. लोणार गावातले दैत्यसूदन मंदिर याच विष्णूचे. उल्केशी या कथेचा संबंध लेखकाने जोडला आहे, परंपरेने नव्हे.