माजी मंत्र्याने बोलावे काय?

खुर्ची गेली की तोंड सुटते, असे पुढारी आपण पुष्कळ पाहतो. म्हणून माजी पुढाऱ्याने स्वपक्षाविरुद्ध बोलूच नये, हे मात्र पटत नाही.

बाबू जगजीवन राम यांचेच पाहा. २१ जुलै १९७५ ला आणीबाणीच्या मान्यतेचा ठराव लोकसभेत त्यांनीच मांडला. अन् २ फेब्रुवारी १९७७ ला काँग्रेस सोडून त्याच आणीबाणीवर तुटून पडले. तोवर निवडणुका जाहीर झालेल्या! उशीरच तो. पण गप्प राहून तरी कुणाचे भले होते?

परमपूज्य बाबासाहेब काँग्रेसचे नव्हतेच. तिच्या सरकारात कायदामंत्री होते. हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला निवेदनाची वेळ आली, तर उपाध्यक्ष म्हणाले, प्रत आधी द्या. बाबासाहेबांनी साफ नकार दिला, सभागृह सोडले आणि निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिले. हिंदू कोड बिल, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, सगळे त्यात होते. निवडणूक तोंडावर होती, तरी त्यांनी हातचे राखले नाही. १९५२ च्या त्या निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांना पाडले.